गाडी थांबलीच नव्हती

"रॉय गेला?" आर्डिसने कॉफी ओतता ओतता विचारलं.

"भावाकडे. म्हणतो, तुझं हे असं का होतं ते शोध, मग मला बोलाव."

मार्लीन अमेरिकेतल्या डुलुथ शहरात एका इस्पितळात कपडे धुण्याच्या विभागात होती. कुठेही जायचं तर तासभर आधी जाऊन बसायची. उशीर तिला सोसतच नसे, स्वतःचा नाही आणि दुसऱ्याचाही नाही. परवा नवरा, रॉय, जेवायला उशिरा आला, तर तिने त्याचं ताट कचऱ्यात रिकामं केलं.

"मी शोधलं," ती थोरल्या बहिणीला, आर्डिसला, म्हणाली. "आई इस्पितळात वारली त्या दिवशी अडकलेय मी. नऊ वर्षांची होते. बूट सापडेना. तू म्हणालीस, आम्ही गाडीत वाट बघत होतो, तूच वेळेवर आली नाहीस. आईची शेवटची भेट हुकली ती माझ्यामुळे."

"आज कशाला गं ते?"

"कारण जुळत नाही. मी एकाच पायात बूट घालून बाहेर आले तेव्हा चाकांच्या खुणा नव्या बर्फाने भरत आल्या होत्या. तुम्ही केव्हाच गेला होतात, आर्डिस."

आर्डिसने साखरेचं भांडं उगाच इकडून तिकडे सरकवलं.

"बाबांनी ठरवलं होतं. आईचा चेहरा बघवत नव्हता. तुला न्यायचं नाही म्हणाले. बूट मीच कपाटामागे टाकला. परत आलो तर तू पायरीवर रडत बसलेली. काहीतरी सांगायला हवं होतं. चौदाची होते मी."

"पुढे विशीची झालीस की. माझ्या लग्नात मी चर्चमध्ये सगळ्यांच्या आधी येऊन बसले, तेव्हा तूच हसत सांगत होतीस, आमच्या मार्लीनला उशिराची भारी धास्ती."

"सांगितलं असतं तर तू मला तोडलं असतंस. मला तरी दुसरं कोण होतं?"

मार्लीनला वाटलं होतं, कारण कळलं की छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलंही. पण आजवर ते असह्य झालं की ती आर्डिसच्या याच स्वयंपाकघरात येऊन रडायची. आता कुठे जायचं, ते तिला कळेना.

तिने तिथूनच रॉयला फोन लावला. "सापडलं," ती म्हणाली. "घरी ये. सावकाश ये, घाई नाही."

ती उठली. आर्डिसने खुंटीवरचा कोट काढला आणि लहानपणी धरायची तसा, दोन्ही बाह्या मोकळ्या करून धरला. मार्लीनने तो तिच्या हातातून घेतला. दार ओढून ती पायऱ्या उतरली, आणि तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्यात उभी राहून तिने तो एकटीने अंगात घातला.