थंड इंजिनाची टिकटिक

पानाताईचं खरं नाव गॅरेजच्या पाटीवरही नव्हतं. लहानपणी ती वडिलांचा पाना उशाशी घेऊन झोपायची, तेव्हापासून ती पानाताई. वडील गेले तसं गॅरेज तिच्याकडे आलं आणि त्यांच्या म्हाताऱ्या गाड्याही आल्या. तीस-तीस वर्षांच्या, सुटे भाग मिळायचे बंद झालेल्या, पण मालकांचा जीव अडकलेल्या. त्यातलीच एक मोजणीदारकाकांची.

काका जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. गाडी ते कानाने चालवायचे. कितीही थंडी असो, त्यांच्या बाजूची काच चार बोटं उघडी. "इंजिन बोलतं, ताई. ऐकायला नको?" असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी अकराच्या सुमारास ते आले तेव्हा वारा नुसता बोचत होता. काकू शेजारच्या सीटवर शाल गुंडाळून बसल्या होत्या. पानाताई दुसऱ्याच एका गाडीखाली होती. उतरवलेला गिअरबॉक्स जॅकवर कसाबसा टेकवलेला, मध्येच सोडण्यासारखा नव्हता.

"दहा मिनिटं, काका."

"सावकाश होऊ दे. गाडी मात्र बंद करत नाही हं, बॅटरी रुसलीये. एकदा झोपली की उठायची नाही."

त्यांनी गाडीचं तोंड भिंतीला भिडवून ती उभी केली. काकूंना वारा लागू नये म्हणून उतरताना आपली काच पूर्ण वर केली, हीटर मोठा केला आणि दार लावून घेतलं. मग ते पानाताईच्या पायांशी स्टूल ओढून बसले आणि गाडीखालच्या माणसाशी गप्पा मारू लागले.

दहाची चाळीस मिनिटं झाली.

"तीच आपली टिकटिक," काका सांगत होते. "सकाळी सुरू केली की शिवणयंत्रासारखी टिक टिक टिक. दोनेक किलोमीटर गेलं की गायब. म्हटलं, आता एकदा बघूनच घ्यावं. परवा बहिणीकडे जायचंय."

"काकूही जाणार?"

"जाणार म्हणजे काय, न्यावीच लागते! गाडीत बसली की तिचं डोकं दुखतं आणि माझ्या बहिणीचं घर जवळ आलं की ते जास्तच दुखतं." स्वतःच्या विनोदावर काका हसले. "चष्मा बदलून झाला, पित्ताच्या गोळ्या झाल्या, मानेचा फोटो काढला. काही नाही. घरी ठणठणीत असते."

पानाताई एक बोल्ट फिरवत होती. सहज विचारावं तसं तिने विचारलं, "उन्हाळ्यात दुखतं?"

"उन्हाळ्यात नाही बुवा."

"बसने गेल्या तर?"

"बसने गेलो होतो ना लग्नाला. तेव्हा नाही दुखलं." काका जरा विचारात पडले. "का गं?"

बोल्ट फिरायचा थांबला होता.

"काकू कुठे आहेत?"

"गाडीतच. झोपली असेल. गाडीत बसली की तिला पाळण्यात घातल्यासारखी झोप लागते."

पानाताई गाडीखालून कशी बाहेर आली ते तिलाही नंतर आठवलं नाही. मागे गिअरबॉक्स कलंडल्याचा धाडकन आवाज झाला, तिने वळून पाहिलं नाही. भिंतीशी गाडी शांतपणे घुरघुरत होती. टिकटिक नव्हती. काचांवर आतून वाफ धरली होती आणि त्या वाफेत एकाच ठिकाणी काच स्वच्छ होती, जिथे काकूंचं कपाळ टेकलं होतं तिथे.

दार उघडल्याबरोबर काकू बाहेर ओघळल्या. पानाताईने त्यांना काखेत धरून ओढलं, पार रस्त्याच्या कडेपर्यंत. वारा येईल तिकडे तोंड करून आडवं केलं.

"अगं, उठ! ऐकतेस का?" काका गुडघ्यांवर बसून गाल थोपटत होते. "ताई, हिला काय झालं? येताना तर बोलत होती!"

"धूर, काका. धूर आत येतोय."

"धूर कुठाय? मला तर धूर दिसत नाही!"

शेजारच्या टायरवाल्याने टेम्पो काढला. पाठीमागे उघड्यावर काकूंना घेऊन दोघं बसली. वाटेत त्यांना दोनदा उलटी झाली, आणि पहिल्यांदा उलटी झाली तेव्हा पानाताईच्या जिवात जीव आला. निदान शरीर भांडत तरी होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजन लावला, रक्त तपासलं आणि काकांना बाजूला घेऊन सांगितलं की गाडीच्या धुरातल्या या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो. धुराला वास येतो तो त्याच्यासोबतच्या इतर वायूंचा. तो रक्तात शिरला की माणसाला आधी डोकेदुखी होते, मग झोप. "आणखी पंधरा-वीस मिनिटं गेली असती तर मला करण्यासारखं काही उरलं नसतं."

आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं दोन वर्षं चाललं होतं. दुखणं गाडीचं होतं, गोळ्या काकू खात होत्या.

संध्याकाळपर्यंत काकूंनी डोळे उघडले, नवऱ्याला ओळखलं, पाणी मागितलं. काका बाहेर येऊन बाकावर बसले. बराच वेळ त्यांनी समोरच्या भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं न्याहाळलं.

"आईसुद्धा त्याच सीटवर होती," ते म्हणाले.

पानाताईने मान वर केली.

"मागच्या थंडीत. धाकट्याकडून तिला घरी आणत होतो. तीन तासांचा रस्ता. अर्ध्या वाटेत म्हणाली, डोकं जड झालंय रे. मी म्हटलं, झोप जरा. दारात गाडी लावून हाक मारली तर..." त्यांनी हात हवेत नुसता हलवला. "अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. सगळे म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं. मीही तेच म्हणत आलोय. वर्षभर."

पानाताईला आता गप्प बसता आलं असतं. वय होतं, हृदय होतं, कुणाला काय ठाऊक, असं म्हणून हात झटकता आले असते. पण तिच्या कानात वर्षापूर्वीचा एक फोन वाजत होता. थंडीच्या सुरुवातीचा.

"काका, तुम्ही मला तेव्हा विचारलं होतं. टिकटिक येते म्हणून. मी विचारलं, गरम झाल्यावर जाते का? तुम्ही हो म्हणालात. आणि मी म्हटलं, मग चालेल."

पानाताई तिथे थांबली नाही.

"थंड असताना फट उघडी असते, म्हणून आवाज येतो. लोखंड तापलं की फुगतं, आवाज दबतो. आवाज जातो, काका, पण गळती पूर्ण जात नाही. हे मला माहीत होतं. फोनवर माझ्या डोक्यात आलं नाही. बोलवून घ्यायला हवं होतं, नाही बोलावलं."

"तुमच्या 'चालेल'वर मी चाललो," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. मोजणीचा आकडा वाचून दाखवावा तसे ते बोलले. मग उठून काकूंच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, पानाताईने घरून धूळ ओढायचं यंत्र आणलं. त्याची नळी उलट्या बाजूला लावली, म्हणजे ते हवा फुंकतं. नळी सायलेन्सरच्या तोंडात चिंधी गुंडाळून बसवली आणि इंजिनावर ब्रशने साबणाचा फेस लावत गेली. इंजिनाला चिकटलेला बिडाचा चार तोंडांचा पाइप असतो, जळलेला धूर गोळा करणारा. त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या तोंडाच्या बेचक्यात फेस हळूहळू फुगला, फुटला, पुन्हा फुगला. बोटभरही नसलेली चीर होती. तिच्या बरोबर मागे, इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याला वायर जाण्यासाठी पाडलेलं एक भोक होतं. त्याचं रबर कधीच गळून पडलं होतं आणि भोकाच्या कडेला काजळी साचली होती, मऊ, काळी. आतल्या बाजूने ते भोक उघडत होतं डावीकडच्या सीटपाशी, पाय ठेवायच्या जागी.

काका काच उघडी ठेवून बसायचे. त्यांना कधी काहीच झालं नव्हतं.

तिने कामाला हात लावण्याआधी फोन हातात घेतला. गेल्या दोन थंड्यांत 'चालेल' म्हणून कुणाकुणाला वाटेला लावलं, ते आठवून आठवून एकेकाला बोलावलं. एक जण चिडला, एक जण हसला, एकाने तर ती गाडी कधीच विकली होती. कुणाला विकली, ते त्याला सांगता येईना.

भंगारवाल्याकडून तशाच गाडीचा पाइप मिळाला. तो बसवला, गॅस्केट नवीन घातलं, भोकाला रबर लावलं, मग टायरवाल्याच्या ओळखीतून वायू मोजायचं यंत्र आणून, इंजिन चालू ठेवून आणि काचा बंद करून तासभर स्वतः आत बसली. काटा शून्यावरून हलला नाही. काका आले नाहीत. फोनही उचलत नव्हते.

पाचव्या दिवशी काकू आल्या, बसने, एकट्या. चेहरा उतरला होता, पण पावलं ठाम होती.

"ह्यांनी घरची दुसरी किल्ली दिली आहे. म्हणाले, गाडीचं काय करायचं ते तूच ठरव. आधी मला ते दाखवा."

पानाताईने जुना पाइप काढून समोर ठेवला. काकूंनी चिरेवरून बोट फिरवलं. बोटाला काजळी लागली, ती त्यांनी पुसली नाही.

"एवढीशी?"

"एवढीशीच."

"त्या दिवशी, सासूबाईंच्या वेळी, मी मागे बसले होते. ह्यांच्या मागे, उघड्या काचेच्या वाऱ्यात. पुढची जागा माझी. पण त्यांचे पाय गारठले होते, तर मीच म्हटलं, तुम्ही पुढे बसा, तिथे ऊब येते."

पानाताईने खुर्ची पुढे केली. काकू बसल्या नाहीत.

"त्रास झाला असेल का हो त्यांना?"

"नाही, काकू. नुसती झोप येते."

"हो," काकू म्हणाल्या. "ते मला माहीत आहे."

किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली आणि त्या बसथांब्याकडे चालू लागल्या.