चिकटलेली दोन पानं

मी पुस्तक बोलतोय. राक्षसांच्या आणि चेटकिणींच्या गोष्टींचं, शिरपुरातल्या मारोतरावांच्या कोनाड्यातलं. चोपन्न सालच्या पौषात निरोप आला, त्या दिवशी त्यांची बायको मनकर्णाबाई अंगणात तूर पाखडत होती. लेक बेबी मला मांडीवर घेऊन माझी चिकटलेली दोन पानं नुसती चाचपत होती.

ती पहिल्यापासून चिकटलेली नव्हती. पुण्यात दगडी छाप्यावर माझा जन्म झाला. कुणा चित्रकारानं काळ्या शाईनं माझ्यात एक राक्षसीण रेखली. सुपाएवढा पंजा, गुंतलेले लांब केस, आणि मुठीत वेणी धरून लटकवलेली एक मुलगी. पुढे घरं बदलत मी कारंज्याला एका किराणा दुकानाच्या रद्दीत पोचलो. माझी सुरुवातीची पानं जिऱ्याच्या पुड्यांत गेली. उरलेल्या मला मारोतरावांनी मागून घेतलं.

दिवेलागणीला ते वाचत. दर ओळीला बेबी विचारी, "मंग?" राक्षसिणीचं चित्र आलं तेव्हा मात्र तिनं विचारलं नाही. त्या रात्री तिला ताप भरला.

मनकर्णाबाईला अक्षर येत नव्हतं. सकाळी तिनं ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली आणि चित्राचं पान समोरच्या पानाला चिकटवून टाकलं.

"कोंडलं तिले," ती लेकीला म्हणाली. "आता नाई येत ते."

मारोतराव हसले. "अवं, राक्षसिणीसंगं पोरीले भी कोंडलं तुनं. सुटका तं समोरच्याच पानावर होती."

बेबीनं ते ऐकलं आणि तिची भीती बदलली. आता तिला काळजी त्या मुलीची. "बाबा, तिले दम येत असन का आतमंदी?"

कापसाची गाडी घेऊन जऊळक्याला निघताना त्यांनी तिला समजावलं, "आलो का ओल्या फडक्यानं सोडवतो. तू ओढू नको, फाटन."

निरोप गाडीवान भाऊसिंगानं आणला. कापूस उतरवताना मारोतराव छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. मनकर्णाबाईच्या हातातलं सूप थांबलं. बेबीनं भाऊसिंगाकडे पाहत विचारलं, "मंग?"

आता ती शाळेत जाते, मला घडाघडा वाचते. त्या जागी आली की दोन्ही पानं मिळून एकच उलटते. मध्यंतरी मनकर्णाबाईच ओलं फडकं घेऊन आली. "सोडवू का वं?"

"राहू दे माय. बाबा सोडवणार होते."

पण खळीला कसर लागली आहे. आत किडे कुरतडतात ते मला कळतं. चित्र अजून शाबूत आहे. किडे समोरच्या पानावरच्या ओळींकडून खात येताहेत. बेबी, त्या मुलीनं राक्षसिणीचे केस वडाच्या पारंबीला बांधले आणि ती घरी पोचली. हे माझ्यात छापलेलं आहे. अक्षरं आहेत तोवर वाचून घे.

फडकं कोनाड्यात माझ्या शेजारीच वाळलं. ती पानं अजून कुणी सोडवलेली नाहीत.