खांद्यावरून उतरल्यावर

मी एक जुना मराठी टाइपरायटर आहे. सोलापुरात सात रस्त्याजवळ दाक्षायणीबाईंच्या टायपिंग क्लासात मी राबलो. स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही. कुणी खुर्ची ओढली की माझी बटणे शिवशिवायची.

मित्रांनो, १९७४ साली माझ्यासमोर येडू पैलवान येऊन बसला. माळशिरसकडच्या मेंढपाळाचा हा मुलगा. जिल्ह्यात त्याची पाठ कुणी मातीला लावली नव्हती, पण आता गुडघा कुरकुरू लागला होता. एका कचेरीत खेळाडूसाठी कारकुनाची जागा निघाली होती आणि त्यासाठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची होती. म्हणून त्याचे वस्ताद महादेवप्पा त्याला घेऊन आले होते.

येडूचे बोट पडले की कागदाला भोक! माझे अंग ठणकायचे, त्याला घाम फुटायचा.

"वस्ताद, हितं लई गुदमरतंय. तालमीतच ऱ्हाऊ द्या की मला."

"आन् गुडगा गेल्यावर? माज्यासारकी लाकडाची वखार राखणार व्हय?" महादेवप्पा कडाडले.

येडूने मुकाट पुन्हा बोट उचलले. त्याच्यापेक्षा मीच जास्त घाबरलो होतो.

परीक्षेला ज्याने त्याने आपले यंत्र न्यायचे असे. येडूने मला खांद्यावर टाकून नेले. आखाड्यात उतरण्यापूर्वी माती कपाळाला लावायची त्याची सवय. त्याने खिशातून तालमीची तांबडी माती काढली, कपाळाला लावली आणि मोठ्या भक्तीने चिमूटभर माझ्यावरही टाकली. तेल-ताकात मुरलेली ती माती! माझी अक्षरे एकमेकांत अडकली. आजूबाजूला खडखडाट सुरू होता आणि मी मुका! मला रडू कोसळायचेच बाकी होते. येडू नापास झाला.

तो परत यायचा नाही असेच मला वाटले. पण दुसऱ्याच दिवशी तो आला. तासभर बसून त्याने माझे एकेक अक्षर पुसले आणि म्हणाला, "बाई, परीक्षेला पुन्यांदा नाव घाला."

तोवर जागा भरली तर? या धास्तीने मी सारखा अस्वस्थ असायचो. महादेवप्पा मात्र त्या कचेरीत खेटे घालून "पोरगं येतंय, जरा थांबा" अशी विनवणी करत राहिले. पुढच्या परीक्षेत येडू पास झाला आणि जागा त्यालाच मिळाली.

पेढे द्यायला दोघे क्लासात आले. महादेवप्पा हळूच माझ्यासमोर बसले. जपून त्यांनी एक बटण दाबले आणि उमटलेल्या अक्षराकडे बघत राहिले.

"माज्या येळंला कुणी आणून बसवलं न्हाई रं हितं," ते म्हणाले.

मित्रांनो, जिंकलेल्या पैलवानाला खांद्यावर जरूर घ्या. पण खाली उतरवल्यावर तिथेच सोडून जाऊ नका.