तीनदा विचारायची रीत

शामरावांच्या घरी बुद्धमूर्तीखालच्या फळीवर संविधानाची जाडजूड प्रत असते. मुलाच्या, सुगतच्या लग्नात त्यांनी सगळ्या पाहुण्यांना उभं करून उद्देशिका म्हणायला लावली होती, पंगत खोळंबली तरी. असा माणूस निवृत्तीनंतर फरीदाबादच्या सोसायटीत गप्प थोडाच बसणार? अकरा वर्षांपूर्वी त्यांनी सव्वीस नोव्हेंबरला सकाळी बागेत उद्देशिका वाचायची प्रथा पाडली. पहिल्या वर्षी सात जण आले, त्यात एक चौकीदार. आता शंभरेक माणसं येत. यंदा त्यांची नात लुंबिनी पुढे उभी राहून वाचणार होती. सातवीतली पोर महिनाभर घोकत होती.

आठवडा उरला असताना सोसायटीचा सेक्रेटरी सुधन्वा घरी आला. पोरगा मूळचा पुण्याचा, केंद्र सरकारात अधिकारी, शामरावांचा मराठी बोलायचा हक्काचा माणूस.

"काका, यंदा जरा प्रॉब्लेम आहे. लोक म्हणतात, संविधान सगळं बाहेरून उचललेलं. आपल्या मातीतलं, आपल्या संस्कृतीतलं त्यात काय आहे? मग वाचायचं कशाला? रविवारी क्लबहाउसमध्ये मीटिंग ठेवलीय. तुम्हीच समजावा."

"मातीतलं नाही म्हणतात? दाखवतो!"

चंदाबाई मेथी निवडत होत्या. सुधन्वा गेल्यावर त्या म्हणाल्या, "मातीचे दाखले कशाला द्यायचे? सगळ्यांना सारखं माणूस म्हटलंय, तेवढं पुरे नाही का?" पण बायकोचं ऐकतील तर ते शामराव कसले!

रविवारी ते बोलले, आणि काय बोलले! अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्खूंच्या संघात ठराव कसा मांडत, मतं कशी घेत, सगळं हिंदीतून रंगवून सांगितलं. "ठराव मांडून तीनदा विचारायचे. हरकत असेल त्यानं बोलावं. तिसऱ्यांदाही सगळे गप्प राहिले, तर ठराव मंजूर. ही लोकशाही याच मातीतली आहे. संविधान आपलाच वारसा आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. एका पंजाबी आजोबांनी उठून मिठी मारली. शामरावांना वाटलं, जिंकलो.

सुधन्वा खूश होऊन उठला. "म्हणजे संविधानात आपला वारसा दिसला पाहिजे, हे काकांनाही मान्य आहे. मग सव्वीस तारखेच्या कार्यक्रमातही तो दिसू दे. आधी हवन, मंत्रपठण, मग भजन. वेळ उरला तर उद्देशिका. आणि विचारू या काकांच्याच रीतीनं! कुणाची हरकत?"

शामराव ताडकन उठले. "मेरा मतलब ये नहीं था. उद्देशिका पहले. वो सबकी है."

"तुम्ही तुमचा वारसा सांगितलात, अंकल," मागून एक बाई हसत म्हणाल्या, अगदी प्रेमानं. "आमचाही आहे की. इथे आमची घरं जास्त."

वारशाचं माप शामरावांनीच काढून दिलं होतं, आता ज्याची घरं जास्त तो मोजणार. चंदाबाईंचं म्हणणं त्यांना आत्ता कळलं, आणि आता कळून काही उपयोग नव्हता.

सुधन्वानं दुसऱ्यांदा विचारलं. शामराव पुन्हा उठायला लागले, तेवढ्यात शेजारी बसलेल्या सुगतनं त्यांचं मनगट धरलं. "बाबा, बस झालं. लुंबिनीला याच पोरांत खेळायचंय. इथेच राहायचंय आपल्याला."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सगळं क्लबहाउस त्यांच्याकडे कौतुकानं बघत होतं. शामराव गप्प राहिले. जन्मभर बोलत आलेल्या माणसाला स्वतःच्या जिभेची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सव्वीस तारखेला हवन झालं, मंत्र झाले, भजनं लांबली. व्यासपीठामागच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'संविधान हमारी विरासत है', आणि खाली शामरावांचं नाव. दहा वाजता छोले-भटुऱ्यांचं पातेलं उघडलं आणि खुर्च्या रिकाम्या झाल्या. माइकवाला वायर गुंडाळायला लागला. सुधन्वा लांबूनच ओरडला, "सॉरी काका! नेक्स्ट इयर पक्का!"

इस्त्रीच्या पांढऱ्या फ्रॉकमध्ये लुंबिनी हातात कागद घेऊन उभी होती. ती आजोबांजवळ आली.

"आजोबा, आता नाही ना वाचायचं?"

शामराव फलकाकडे बघत राहिले.

"आजोबा, नाही ना वाचायचं?"

वाच म्हणावं तर कुणासमोर वाचायचं? नको म्हणावं तर अकरा वर्षं त्यांनी स्वतःच्या हातानं पुसायची.

"लास्ट टाइम विचारते. नाही ना?"

त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. रीत लुंबिनीलाही ठाऊक होती, त्यांनीच शिकवली होती. ती थोडा वेळ थांबली. मग "बरं" म्हणाली, कागदाची घडी करून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि मैत्रिणींबरोबर नाश्त्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली.