भागिले आठ

बिट आणि बाइट यांतला फरक न कळणाऱ्या माणसाची हेमचंद्र पेंडशांना शिसारी यायची, ताटात केस निघाल्यासारखी. जबलपुरात टेलिफोन खात्यातल्या पोरांना तीस वर्षं डेटा लाइन शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि आपल्यामागे जगात फक्त गाढवं उरली आहेत असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

त्या शनिवारी पहिलं गाढव सकाळी साडेदहालाच भेटलं. बारुदाच्या कारखान्याचा जुना दवाखाना पाडायचा होता आणि तिथला तीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर चार वाजता भंगारात जाणार होता. त्यात चार हजार नऊशे कामगारांच्या छातीच्या तपासण्या होत्या. कागद वाळवीनं खाल्ले होते, फ्लॉपी चालत नव्हती. माहिती बाहेर काढायला एकच वाट उरली होती, मागच्या बाजूचं मोडेमचं भोक. तिथून तार लावून सगळं लॅपटॉपमध्ये ओढायचं.

हेमचंद्रांना तिथं आणलं होतं शेजारच्या अंजनीनं. तिचा नवरा चंद्रशेखर, टोकन नंबर चार हजार चारशे सतरा, बावीस वर्षं बारूद भरत होता आणि आता त्याला दोन पायऱ्या चढवत नव्हत्या. बुधवारी मेडिकल बोर्ड होता. फुप्फुसं कारखान्यातच गेली हे दाखवणारे जुने रिपोर्ट मिळाले तरच त्याला नागपूरला उपचारासाठी पाठवणार होते.

"पस्तीस मिनिटांचं काम आहे, सर," अधिकारी आलोक म्हणाला. "दोन कोटी अक्षरं, तारेचा स्पीड नऊ हजार सहाशे. भागून टाका. लंच के बाद देखते हैं."

हेमचंद्रांच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. असल्या माणसाला खुर्ची देतात, वर एसी देतात.

"साहेब, ते नऊ हजार सहाशे बिट आहेत. एका अक्षराचे, म्हणजे एका बाइटचे, आठ बिट. आठनं भागा. सेकंदाला बाराशे अक्षरं होतात. अकराला सुरू केलं तर तीन अडतीसला संपेल. लंचनंतर बसलात तर भंगारवाला तुमच्यासकट उचलून नेईल."

आलोकनं मान हलवली. हेमचंद्रांनी तार जोडली, टोकन नंबरांची यादी लावली. अंजनी मागं उभी होती.

"काका, यांची फाइल पयले पाठवता येईन का?"

"काहून? नंबरानं जाईल."

"नाही, उगाच आपलं... राहून गेली तर?"

"मी हिशोब करून राहिलो ना? त्या आलोकसारखं नको करू तू." यादी बदलायला दोन मिनिटं लागली असती. पण आपल्या हिशोबावर शंका घेणाऱ्यासाठी हेमचंद्र दोन मिनिटंही देत नसत.

पडद्यावर नंबर सरकू लागले. हेमचंद्र खुर्चीवर रेलून आलोकला ऐकवत बसले. हल्लीचे इंजिनिअर, हल्लीचे ऑफिसर, हल्लीची कॉलेजं, सगळ्यांच्या नावानं नाक मुरडून झालं. दोन वाजता अंजनी हळूच म्हणाली, "काका, आता कुठं अडीच हजार झाले."

"पुढच्या फायली लहान असतील," ते म्हणाले आणि पुन्हा आलोककडे वळले.

तीन चाळीसला ते संपलेलं काम बघायला उठले. पडद्यावर तीन हजार नऊशे बावन्न.

त्यांनी पुन्हा आठनं भागलं, हिशोब बरोबर आला. मग नजर त्या तारेवर गेली. आठनं भागणं बरोबर होतं, पण त्यांच्या खात्यातल्या मोठ्या लाइनींसाठी, जिथं सगळं एका तालात धावतं. या गरीब तारेवर प्रत्येक अक्षराच्या आधी एक बिट आणि नंतर एक बिट जास्त लागतो, सुरू झालं आणि संपलं हे सांगायला. एका अक्षराचे दहा बिट. पहिल्या आठवड्यात ते पोरांना हेच शिकवत.

आता यादी बदलायची तर मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागणार होतं, आणि त्या खटाऱ्याला उठायला पंचवीस मिनिटं लागत. त्यांनी आलोकपुढे हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदाच जोडले असतील.

"तासभर द्या, साहेब."

"सर, भंगाराची गाडी चारनंतर थांबत नाही. आणि वेळ तुम्हीच सांगितली होती," आलोक म्हणाला. त्याचा आवाज अगदी नम्र होता.

चारला वीज तोडली गेली. शेवटचा नंबर चार हजार दोनशे तेहतीस. कारखान्याची माहिती बाहेर जाऊ नये या नियमाप्रमाणे शिपायानं डिस्क बाहेर काढली, फरशीवर ठेवली आणि हातोड्याचे चार घाव घातले. पाचवा सवयीनं.

हेमचंद्रांना स्वतःच्या तोंडाची घाण येत होती, दिवसभर बोललेल्या त्या तोंडाची. अंजनी रडली नाही, भांडलीही नाही. तिनं पदर खोचला, पिशवी उचलली.

"काका, कितीनं भागायचं होतं?"

"दहानं," ते म्हणाले.

तिनं मान हलवली, आलोकनं पहिल्यांदा हिशोब ऐकून हलवली होती तशीच, आणि ती गेटकडे निघाली.