हरिपूरच्या पेवातली बाटली

दुसरी मोठी लढाई संपून कृष्णात मलकापूरला घरी आला तेव्हा बनुबाईनं लेकावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि बापानं, केरबानं, पहिला प्रश्न विचारला तो ट्रंकेबद्दल.

"आत काय आणलंस रं?"

आईसाठी लोकरीची शाल होती, दाढीचं सामान होतं, आणि तळाला लष्करी मोज्यांत गुंडाळलेली काळपट हिरवी बाटली होती. तोंडावर लाल लाख. केरबानं ती दोन्ही हातांनी उचलली, दाराच्या उजेडाकडं धरली आणि डोळे बारीक करून आतली दारू निरखली.

केरबा स्वतः जुना शिपाई. पहिल्या मोठ्या लढाईत खडकीच्या सॅपर, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या, पलटणीतून तो फ्रान्सला गेला होता. तिथं एका म्हातारीच्या घराचं छप्पर त्यानं आणि सोबत्यांनी नीट करून दिलं, तेव्हा तिनं नवऱ्याच्या हातची जुनी लाल दारू तळघरातून काढून त्यांना पाजली. तो पेला केरबाच्या मनातनं कधी गेला नाही. गावात कुणी गावठी पुढं केली की तो हात आखडता घ्यायचा.

"तिला जांभळाचा वास हुता," तो सांगायचा. "मागनं जुन्या लाकडाचा. आन शेवटाला खोगिराचा, घोड्याच्या. घोट गिळला तरी तोंडातनं हलायची न्हाई. खानदानी चीज."

हे ऐकतच कृष्णात मोठा झाला होता. म्हणून इटलीत त्याला ती बाटली मिळाली तेव्हा आधी बापच आठवला.

तिकडं तो लॉरी चालवायचा, पलटणींना रसद पोचवायचा. चव्वेचाळीस साली एका डोंगरातल्या गावात तोफेच्या गोळ्यानं बतिस्ता नावाच्या म्हाताऱ्याच्या तळघराचं तोंड ढासळलं होतं. बतिस्ताची दारू त्या मुलखात नावाजलेली. त्याच्या आजानं लावलेले द्राक्षाचे वेल, आणि चांगलं साल नसेल तर हा माणूस बाटलीवर घराण्याचं नाव घालायचाच नाही, असं शेजारी सांगत. कृष्णातनं लॉरीला साखळी लावून तुळया ओढून काढल्या. म्हातारा आत गेला, भिंतीला हात लावत खाली उतरला आणि रडतच वर आला. सगळ्या बाटल्या शाबूत होत्या.

त्यानं लढाईच्या किती तरी आधीची एक बाटली उघडली. कृष्णातनं पेला तोंडाला लावला तसा म्हाताऱ्यानं त्याचं मनगट धरलं. "प्यानो, प्यानो." म्हणजे हळू. आधी पेला गोल फिरवून दाखवला, मग नाक आत घालायला लावलं, मग एवढासा घोट जिभेवर धरायला सांगितला. कृष्णातनं तसं केलं आणि बापाचं बोलणं त्याला पहिल्यांदा खरं वाटलं. निघताना म्हाताऱ्यानं त्याच सालाची दुसरी बाटली त्याच्या हातात दिली, ती आडवी कशी ठेवायची ते दाखवलं आणि हाताची पाच बोटं वर केली. कृष्णातनं त्याचा अर्थ घेतला, आणखी पाच वर्षं.

"आत्ताच फोडूया की," केरबा म्हणाला.

"न्हाई आबा. ती आजून पिकायची हाय. बनवणाऱ्यानं सांगितलंय."

"बनवणारा तिकडं ऱ्हायला. मी हितं हाय."

"तुमीच म्हणता न्हवं, जुनी हुती म्हणून तशी लागली? मग थोडी कळ काढा."

केरबा हसला. लेकाचं बोलणं त्याला पटलं, की लेक असं अधिकारानं बोलतोय याचंच त्याला कौतुक वाटलं, कोण जाणे.

घराच्या पत्र्याखाली उन्हाळ्यात बाटलीचं वाटोळं झालं असतं. कृष्णातला सांगलीत लॉरीवर काम मिळालं होतं, तो हळदीची पोती वाहायचा. सांगलीशेजारच्या हरिपुरात जमिनीत खोल पेवं खणलेली होती. व्यापारी त्यांत हळद भरायचे, तोंड मातीनं बंद करायचे आणि भाव येईपर्यंत हात लावायचे नाहीत. आत ना ऊन, ना ओल. तिथल्या एका व्यापाऱ्याची पेवं चांदसाहेब सांभाळायचा. तो कृष्णातचा दोस्त झाला होता. दारूला तो शिवत नव्हता, पण दोस्तासाठी त्यानं ती बाटली फडक्यात बांधून हळदीत आडवी ठेवली आणि पेवाचं तोंड लिंपलं.

त्यानंतर कृष्णात घरी गेला की केरबा विचारायचा, "काय म्हणतीया आपली बाई? उठली का?"

"निजलीया आबा. निजू द्या."

एकदा केरबा कुणाला न सांगता आधी मोटारीनं, मग आगगाडीनं सांगलीला आला. कृष्णात त्याला हरिपूरला घेऊन गेला. चांदसाहेबानं जागा दाखवली तसा केरबा खाली बसला आणि त्यानं मातीवर तळहात ठेवला.

"हितं खाली हाय व्हय?"

"व्हय चाचा," चांदसाहेब म्हणाला. "तुमी एवढं लांबनं आलाय. शेटला मी सांगतो, एका बाटलीसाठी तोंड उघडायला काय लागतंय? सांजच्याला परत लिंपू."

केरबानं लेकाकडं बघितलं. मातीवरचा हात त्यानं उचलला नाही, आणि त्याला ती आत्ताच हवी आहे हे कृष्णातला दिसलं.

"एवढी कळ काढली, आजून थोडी काढूया," कृष्णात म्हणाला. "आदी काढली तर सगळं फुकट जाईल."

"मग ऱ्हाऊ दे," केरबा म्हणाला आणि धोतराची माती झटकत उठला. कृष्णातनं त्याला हॉटेलात नेऊन भजी खाऊ घातली. संध्याकाळच्या गाडीनं केरबा परत गेला.

पुढच्या सुगीत नव्या बैलानं केरबाला गोठ्यात ढकललं. तो मागच्या मागं दगडावर पडला, डोक्याला खोक पडली. कृष्णात धावत घरी गेला तेव्हा बाप उठून बसला होता, डोक्याला फडकं बांधून चहा पीत होता. जखम भरली. काही झालं नाही, असंच सगळे म्हणाले.

एकोणीसशे एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात व्यापाऱ्यानं हळद विकली आणि पेव उघडलं. बाटली हळदीनं पिवळी झाली होती, पण लाख जशीच्या तशी होती. सरकारात दारूबंदीची बोलणी चालू होती, म्हणून कृष्णातनं ती घोंगड्यात गुंडाळली. सांगलीच्या पेठेतनं काचेचे दोन पेले घेतले आणि तो मलकापूरला आला.

सकाळची वेळ होती. केरबा सोप्यात, चुलीच्या खोलीच्या दाराला टेकून बसला होता. बनुबाई तव्यावर भाकरी टाकून घागर भरायला आडावर गेली होती. कृष्णातनं सावकाश लाख फोडली, बूच ओढलं, दारू पेल्यात ओतली. रंग आता काळा-तांबडा राहिला नव्हता, कडेला विटेसारखा झाला होता. त्यानं पेला फिरवला, नाक आत घातलं आणि डोळे मिटले.

बतिस्ताच्या अंगणातही ती अशी नव्हती. आधी सुकलेल्या बोरांसारखं काही तरी, मग पानांचा पाचोळा, मग अगदी लांबून येतो तसा धूर. घोट घेतला. जिभेवर ती मऊ होऊन पसरली आणि गिळल्यावरही गेली नाही.

"आबा, घ्या. प्यानो, प्यानो."

केरबानं पेला फिरवला, नाकाशी धरला, छाती भरून वास घेतला. मग घोट घेतला.

"आहाहा," तो म्हणाला. "जांभूळ. मागनं लाकूड. आन हे बग, शेवटाला खोगीर. तीच रं, तीच."

कृष्णातनं परत वास घेतला. खोगिराचा वास त्यात नव्हता. जांभूळही नव्हतं. बापाचं नाक आपल्यापेक्षा तयार, असं त्याला वाटलं. तेवढ्यात सोपाभर करपट वास पसरला. इतक्या वर्षांनी उघडलेल्या दारूवर तो वास चढतोय म्हणून कृष्णात चिडला.

"आबा, भाकरी करपली. तुमच्या पाठीशीच चूल हाय, वास न्हाई आला?"

"कुठं?" केरबा म्हणाला. त्याचं नाक अजून पेल्यातच होतं.

बनुबाई घागर घेऊन आत आली. तिनं काळी भाकरी तव्यावरनं ओढली, दोघांकडं पाहिलं आणि पेल्यांकडं पाहिलं.

"त्येंना कशाचा वास येतोय?" ती हळूच म्हणाली. "बैलानं पाडल्यापास्नं नाक गेलंय त्येंचं. तुला सांगू न्हाई म्हणाले."

कृष्णातला पेला कुठं ठेवावा ते कळेना. त्यानं तो जमिनीवर ठेवला.

"आबा, का सांगितलं न्हाई?"

"काय सांगायचं? तू लेकरागत जपत हुतास तिला. सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? उगं मनाला लावून घेतलं असतंस."

"मग काय लागतंय तुमास्नी?"

"आंबट. जीभ जरा आखडतीया. तेवढंच." केरबानं पेला हलवला. "वाईट न्हाई."

"त्या दिशी हरिपुरातच काढायला पायजे हुती."

केरबा यावर 'नाही' म्हणाला नाही. त्यानं पेला पुढं केला.

"आजून घाल. आन तू सांग. तुला काय काय लागतंय ते सांग."

कृष्णातनं घोट घेतला. बोरं म्हणाला, पाचोळा म्हणाला. पण उघड्यावर दारू बदलत होती. आता तीत सुकलेल्या गुलाबाच्या पाकळ्यांसारखं काही तरी आलं होतं, आणि ते कसं सांगायचं हे त्याला जमेना. केरबा डोळे मिटून ऐकत होता. प्रत्येक शब्दाला पेला नाकाशी नेत होता आणि खाली आणत होता.

"खोगीर?"

"न्हाई आबा."

"मग माझी निराळी हुती," केरबा म्हणाला.

दोघांनी बाटली संपवली. कृष्णातच्या तोंडात आजवर त्याहून चांगलं काही पडलं नव्हतं, आणि तरी प्रत्येक घोट त्याला जड जात होता. म्हाताऱ्यानं पाच बोटं दाखवली ती पाच वर्षांसाठी, की पाच जणांत मिळून प्या म्हणून, हे त्याला आता पहिल्यांदाच सुचलं. विचारायला तर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो सांगलीला निघाला. केरबा एरवी दारापर्यंतच यायचा, त्या दिवशी सडकेपर्यंत आला. लॉरी यायला वेळ होता. दोघं लिंबाखाली उभे राहिले.

"किस्ना," केरबा म्हणाला, "तुझं काय चुकलं न्हाई रं. चांगल्यासाठीच केलंस."

कृष्णातनं मान हलवली. ते बापानं खरं मानून म्हटलं की आपल्यासाठी म्हटलं, हे त्याला ओळखता आलं नाही. लॉरी आली. तो ड्रायव्हरशेजारी चढून बसला. पलीकडच्या गुऱ्हाळावर गूळ उकळत होता, त्याचा वास सडकेवर भरून राहिला होता. केरबा त्या वासात उभा होता, हात वर करून.