धुळीने काढलेल्या रेषा

यास्ना कोल्केने आकाशाचा नकाशा माझ्या पुढ्यात टाकला. "बाल्तासार, तू सांग ना बाईंना."

"मी? मी दुर्बिणीच्या वायरी जोडणारा माणूस. गणित तुझं, तूच सांग."

डोंगराच्या पायथ्याशी, सान पेद्रो गावातल्या आमच्या ऑफिसात त्या दुपारी सगळे खुशीत होते. वर डोंगरावर, पाच हजार मीटर उंचीवर आमची दुर्बीण चार वर्षं आकाशाच्या एकाच तुकड्याकडे बघत होती. तिथल्या ध्रुवित प्रकाशात, म्हणजे ज्याच्या लहरी एकाच दिशेने डोलतात त्या प्रकाशात, एक भोवरा सापडला होता. विश्वाच्या जन्मावेळची ती खूण, असं आमच्या प्रमुख एलिआना बाईंना वाटत होतं. शुक्रवारी ते जाहीर व्हायचं होतं.

यास्ना आमच्यात सर्वांत नवी, शेजारच्या तोकोनाओ गावची. तिने तोच तुकडा जास्त कंपनांच्या लहरींत तपासला. तिथे भोवरा कितीतरी ठळक निघाला. विश्वाच्या जन्मावेळचा जुना प्रकाश असा वागत नाही. धूळ वागते.

शेवटी तीच बाईंसमोर उभी राहिली. "बाई, तो भोवरा आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा आहे."

बाईंनी चष्मा पुसला, आकडे दोनदा तपासले.

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"बाल्तासारला."

"आणि हा गप्प बसला? कमालच आहे!" बाई हसल्या, पण हसू लगेच विरलं. "चार वर्षं धूळ बघत बसलो म्हणायचं."

"नुसती धूळ नाही, बाई," यास्ना भीती विसरून पुढे सरसावली. "हे कण लांबट असतात, चुंबकीय रेषांना आडवे होऊन राहतात. प्रकाश जिकडे डोलतो, त्याच्या काटकोनात रेघ मारायची, की चुंबकीय रेषेची दिशा मिळते. हे बघा."

ती पेन्सिलीने बारीक रेघा मारत गेली. हळूहळू एक वळणदार प्रवाह उमटला. आकाशगंगेच्या या कोपऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र इतकं बारकाईने कोणी पाहिलंच नव्हतं. बाईंनी तिच्या हातून पेन्सिल घेतली आणि उरलेला कोपरा स्वतः भरला.

मग फोन करून शुक्रवारचा कार्यक्रम रद्द केला. "लाज वाचवलीस, पोरी," त्या म्हणाल्या.

मार्चमध्ये तो नकाशा छापून आला, पहिलं नाव यास्नाचं. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीने वर निघालो. नाकात ऑक्सिजनची नळी आणि तरी एलिआना बाई गात होत्या, अगदी बेसूर. ते गाणं वाऱ्यात विरू नये म्हणून मी काच खाली केली नाही.